डॉक्टरकाकांचा अभिप्राय

ज्या दिवशी जर्नल यायचे त्या दिवशी डॉक्टरकाका आधी टपाल बघत आणि मग पेशंट. बाहेर बाकावर कोणी तापाने फणफणत असो की कोणाचे पोर किंचाळत असो, काका कात्रीने पाकिटाची कड कापत, अंक बाहेर काढत, अनुक्रमणिकेवरून बोट फिरवत आणि मगच घंटी वाजवत. हे जर्नल म्हणजे त्यांचा जीव की प्राण. ते बड्या इस्पितळांतल्या विशेषज्ञांचे नव्हते. सर्दी, मधुमेह, बाळंतपण आणि म्हातारपण सगळे एकाच टेबलाशी तपासणाऱ्या साध्या कुटुंबवैद्यांसाठी ते निघे. त्यात छापायचा प्रत्येक लेख आधी दोन जाणत्या डॉक्टरांकडे परीक्षणाला जाई, आणि अशा परीक्षकांत काकांचा मान मोठा होता. ही गोष्ट ते कोणाला विसरू देत नसत. घसा दाखवायला आलेल्या माणसाने 'आ' केला की त्याला बोलता येत नाही ही संधी साधून ते त्याला परीक्षणाचे महत्त्व समजावून सांगत.

पलीकडच्या लहान खोलीत धाकटी बसे. घरात तिला धाकटी म्हणत, काका तिला लहानपणापासून ओळखत, म्हणून दवाखान्यातही तेच नाव चिकटले. स्वतः डॉक्टर झाली, केसांत पांढरे दिसू लागले, तरी धाकटीच. थोरली जाऊन कितीतरी वर्षे झाली होती.

दोन खोल्यांमध्ये प्लायवूडचा आडोसा होता. एकीकडची शिंक दुसरीकडे ऐकू येई. त्या सकाळी धाकटी एका पोराचा कान तपासत होती आणि पलीकडे काकांसमोर मायलेकी बसल्या होत्या. लेक बेकरीत केकवर नक्षी काढायची. तिला लहानपणापासून आकडीचे झटके येत. रोजच्या गोळ्यांनी ते पार थांबले होते.

"डॉक्टर, स्थळ चालून आलंय," आई म्हणाली. "चांगली माणसं आहेत. हातचं जायला नको. तुमचे फॅमिली डॉक्टर कोण म्हणून विचारलं त्यांनी. तुमच्याशी बोलायचंय म्हणे."

"बोलू द्या की. माझ्या शब्दावर आजवर कोणी शंका घेतलेली नाही."

"पण हिच्या गोळ्या…"

"त्या आता आवरत्या घेऊ. गोळ्यांचं पाकीट सासरी दिसलं की दहा प्रश्न. आणि खरं सांगू का, लग्न झालं की हे सगळं आपोआप जागच्या जागी बसतं. पुष्कळ पाहिल्यात मी अशा मुली."

"पण काका, मागे मी एकदा गोळी विसरले तर बेकरीतच—"

"तू गप गं," आई म्हणाली. "डॉक्टरांना जास्त कळतं की तुला?"

धाकटीच्या तळपायाची आग मस्तकात गेली. पोराच्या कानात धरलेले तपासणीचे यंत्र तिने अलगद बाहेर काढले. हेच शब्द, याच सुरात, तिने स्वतःच्या घरात ऐकले होते. वर्षे गेली, काकांचे केस गेले, शब्द मात्र तसेच्या तसे राहिले होते.

मायलेकी बाहेर पडल्या तशी ती मागोमाग रस्त्यावर गेली आणि औषधाच्या दुकानासमोर तिने त्यांना गाठले.

"गोळ्या बंद करायच्या नाहीत," ती म्हणाली. "एकही चुकवायची नाही."

"अहो, पण मोठे डॉक्टर आत्ताच म्हणाले—"

"ते म्हणाले म्हणूनच धावत आले मी. माझी सख्खी बहीण अशीच गेली. गोळ्या तोडल्या, लग्न लावलं आणि गेली."

पोरगी धाकटीकडे टक लावून बघत होती. मग ती आईकडे वळली. "मी बंद करणार नाही. आणि मुलाला मी स्वतः सांगणार आहे. पळाला तर पळाला. लग्नाचा केक मी एकटी खाईन."

"जिभेला काही हाड!" आई ओरडली. पण पोरगी दुकानात शिरलीसुद्धा होती आणि काउंटरवर महिन्याच्या गोळ्या मागत होती.

ही पोरगी वाचली, धाकटीला वाटले. पण काकांसमोर अशा किती जणी बसल्या असतील? आणि त्यांतल्या कितींना तोंड उघडायची सोय होती? ती परत दवाखान्यात आली तेव्हा तिचे ठरले होते. खरे तर ठरले होते फार पूर्वी, आता फक्त वेळ आली होती.

तिच्या ताईची गोष्ट सगळ्या नातेवाइकांना पाठ होती आणि ती सगळीच्या सगळी खोटी होती. ताई पाय घसरून बाथरूमच्या टबात पडली आणि बुडाली, अशी ती गोष्ट. खरे असे होते की ताईला आकडी यायची. गोळ्यांनी ती आटोक्यात आली होती. ताई हसायची, भांडायची, जिन्यावरून उड्या मारत उतरायची, चारचौघींसारखी नोकरी करायची. मग लग्न ठरले. मुलाकडच्यांनी काकांना विचारले आणि काकांनी 'मुलगी ठणठणीत आहे' असा शब्द दिला. मग ते घरी आले, बाबांच्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाले, "आता गोळ्या तिकडे दिसता कामा नयेत."

निघायच्या आदल्या दिवशी आईने ताईची बॅग उघडली, कपड्यांच्या घड्यांखाली हात घातला आणि गोळ्या काढून घेतल्या. शाळकरी धाकटी तिथेच पलंगावर पाय हलवत बसली होती. ताई म्हणाली, "आई, निदान एक पाकीट तरी." आईने बॅगेची चेन ओढली आणि म्हणाली, "काकांना जास्त कळतं की तुला?"

नव्या संसाराची भांडी अजून नवीच होती तोवर निरोप आला. काका धावत आले, बाबांना झोपेचे इंजेक्शन दिले, आईजवळ बसून डोळे पुसले. पाय घसरला, नशीब, असे म्हणाले. त्यांनी एक प्रश्नसुद्धा विचारला नाही. कसे झाले, केव्हा झाले, झटका आला होता का? डॉक्टर माणूस, पण नशीब म्हणून मोकळा झाला.

पुढे वैद्यकीय कॉलेजात सर शिकवत होते की आकडीची गोळी अचानक तोडली तर झटके आधीपेक्षा जोराने उलटतात, आणि असा माणूस एकटा पाण्याजवळ असला तर ओंजळभर पाणीही त्याला पुरते. वर्गातल्या सगळ्यांनी ते उतरवून घेतले. धाकटी उठून बाहेर गेली आणि भिंतीला धरून ओकली. त्यानंतर ती भाऊजींना जाऊन भेटली. त्यांनी दुसरे लग्न केले होते, मुले होती, तरी ताईचे नाव काढताच त्यांनी तिला आतल्या खोलीत नेऊन दार लोटून घेतले. ताईची जीभ दातांखाली चिरडली होती, हे त्यांनी सांगितले. त्याआधी स्वयंपाकघरातही ती पडली होती आणि 'चक्कर आली' म्हणाली होती.

"मला सांगितलं असतं तर काय मी तिला टाकून देणार होतो?" भाऊजी म्हणाले. "माझा भाऊ दम्याचा पेशंट. आमच्या घरात औषधं काय कोणी बघितली नव्हती? मी दाराशी बसलो असतो गं. ती अंघोळ करेपर्यंत बाहेर गाणी म्हणत बसलो असतो."

हे ऐकून धाकटी आली आणि काकांच्याच दवाखान्यात नोकरीला लागली. लोक म्हणाले, पोरीने उपकाराची जाण ठेवली. धाकटीला उपकार फेडायचे नव्हते, उट्टे काढायचे होते. पण कसे, ते सुचत नव्हते. चारचौघांत ओरडली असती तर काय झाले असते? काकांनी चष्मा काढून डोळे पुसले असते आणि बाकावरच्या सगळ्या पेशंटांनी त्यांचीच समजूत घातली असती. इतक्या लोकांना बरे केले, एखादी चूक होते माणसाकडून, असे म्हणाले असते. या माणसाला लागेल अशी जागा एकच होती, आणि ती दर महिन्याला टपालाने यायची.

म्हणून धाकटीने जर्नलसाठी लेख लिहिला. एका रुग्णाची हकीकत. आकडीची एक तरुण स्त्री, लग्नाआधी कुटुंबवैद्याचा सल्ला, कुटुंबीयांनी काढून घेतलेले औषध, मग झटके, मग मृत्यू. भाऊजींनी सांगितलेले सगळे त्यात होते. नाव-गाव अर्थातच नव्हते. रडारड नव्हती. शेवटी एकच सवाल केला होता: मुलीला ठणठणीत ठरवण्यासाठी आपल्यापैकी किती जण तिची गोळी तोडतात?

जर्नलचे नियम तिला तोंडपाठ होते. लेखकाचे नाव परीक्षकाला कळत नसे. परीक्षकाला मात्र आपल्या अभिप्रायाखाली सही करावी लागे आणि तो अभिप्राय लेखाखाली छापला जाई. परीक्षकाचा त्या रुग्णाशी काही संबंध निघाला तर त्याने माघार घ्यायची, आणि माघारीचे कारणही छापायचे. हा नियम वार्षिक सभेत टेबलावर मूठ आपटून कोणी आणला होता? काकांनी. "लपूनछपून मत द्यायला आपण काय चोर आहोत?" असे त्यांचे भाषण तेव्हा फार गाजले होते. काकांनी तरुणपणी आकडीवर काहीतरी लिहिले होते, त्यामुळे त्या विषयावरचा लेख आला की तो त्यांच्याकडेच जाई. आपण त्यांच्याच दवाखान्यात काम करतो, हे धाकटीने संपादकांना कळवायला हवे होते. तिने कळवले नाही. सूड घ्यायला निघालेला माणूस सगळेच नियम पाळत बसत नाही.

अडचण एकच होती. ज्यांच्या घरातली गोष्ट आहे त्यांची लेखी संमती असल्याशिवाय जर्नल ती छापत नसे. भाऊजींनी सही दिली. आईची राहिली होती.

"मेलेल्या पोरीला पुन्हा चव्हाट्यावर आणणार तू?" आई म्हणाली. बाबा गेल्यापासून त्या दोघीच घरात होत्या. "पाय घसरला तिचा. टाइल्स ओल्या होत्या."

"आई, जीभ चावली होती तिने."

"पडताना चावली असेल. विषय संपव. मी सही देणार नाही म्हणजे नाही."

धाकटीने विषय संपवला नाही, पण त्या दिवशी पुढे बोललीही नाही. आईच्या पाठीकडे बघून तिला दया आली आणि दया आल्याचा रागही आला. लेख तिने पाठवून दिला. संमती छपाईच्या आधी आणून देते, असे संपादकांना कळवले.

काही आठवड्यांनी, दुपारचे पेशंट संपल्यावर, काकांनी तिला चहाला बोलावले. टेबलावर काही छापील कागद होते. धाकटीने लांबूनच ओळखले, तिचाच लेख. आता हा माणूस ओळखणार. पांढराफटक पडेल, काहीतरी बोलेल, कदाचित रडेल. याच क्षणासाठी तिने इतकी वर्षे त्याचा चहा प्यायला होता.

"बस, बस," काका म्हणाले. "परीक्षणाला एक लेख आलाय. अगं, वाचून अंगावर काटा आला. एका गाढवाने लग्नासाठी पोरीच्या आकडीच्या गोळ्या तोडल्या. गेली बिचारी."

धाकटी त्यांच्या तोंडाकडे बघत राहिली. त्या तोंडावर काही नव्हते. भीती नव्हती, लपवाछपवी नव्हती. चांगला, दयाळू, चिडलेला चेहरा.

"कोण असेल हो असा डॉक्टर?" तिने विचारले.

"असतात गं! आपल्या धंद्याला काळिमा फासणारे. लेखकाने फार गुळगुळीत लिहिलंय. मी स्पष्ट म्हटलंय, ऐक." त्यांनी चष्मा सारखा केला आणि मोठ्याने वाचले. "'लेखात या डॉक्टरला जी सौम्य वागणूक दिली आहे ती अनाठायी आहे. ही चूक नव्हे, हा विश्वासघात आहे. लग्न जमवण्यासाठी रुग्णाचे औषध तोडणाऱ्या माणसाला डॉक्टर म्हणवून घेण्याचा अधिकार उरत नाही. त्याने आपली पाटी स्वतःच्या हाताने उतरवावी.' कसं आहे?"

"छान आहे," धाकटी म्हणाली.

"फार कडक झालं का?"

"नाही. अगदी बरोबर आहे. तसंच पाठवा."

काकांनी झोकात सही केली. धाकटी आपल्या खोलीत जाऊन बसली. हा माणूस कोडगा असेल, ढोंगी असेल, असे धरूनच ती इतकी वर्षे चालली होती. त्याला आठवतच नव्हते, हे तिच्या स्वप्नातही आले नव्हते. गोळ्या तोडणे ही त्याच्या लेखी आठवणीत ठेवण्यासारखी गोष्टच नव्हती. किती बापांच्या खांद्यावर हात ठेवला, किती जणांना शब्द दिला, त्यातली एक ताई. छापील कागदावर दुसऱ्याचे म्हणून आले तेव्हा पाप वाटले, आपल्या टेबलाशी घडत होते तेव्हा तो मदतीचा हात होता. धाकटीचा राग यापूर्वी कधी इतका थंड झाला नव्हता.

संपादकांचे उत्तर आले. दोन्ही परीक्षकांनी लेख उचलून धरला होता, आता फक्त आईची संमती हवी होती. त्याच दुपारी धाकटी काकांच्या खोलीत गेली आणि बसली नाही.

"काका, तो लेख माझा आहे."

"कुठला?"

"गोळ्या तोडणाऱ्या डॉक्टरचा."

"अरे वा!" काका खुलले. "मग सांगायचं नाही का गं! पण ही पेशंट कुठली? आपल्याकडची तर नाही ना?"

"ताई."

"कुठली ताई?"

"माझी ताई, काका."

काकांचा हात टेबलावर काहीतरी शोधू लागला. चष्मा नाकावरच होता. "ती तर… पाय घसरून…"

"आईला तसं म्हणायला बरं वाटतं. तुम्हालाही वाटत असेल."

"हे बघ, त्या काळी सगळेच डॉक्टर असं करायचे. पोरींची लग्नं व्हायची नाहीत गं! तुझा बाप माझ्या पाया पडत होता. त्यांच्या भल्यासाठी केलं मी."

"आणि त्या केकवाल्या पोरीला अलीकडेच काय सांगितलंत? तेही त्या काळीच का?"

काकांच्या तोंडचे पाणी पळाले. मग त्यांना सुचले. "मी अभिप्राय मागे घेतो."

"घ्या की. कारण काय लिहिणार?"

माघार घेतली तर 'तो डॉक्टर मीच' असे लिहून द्यावे लागणार आणि ते छापले जाणार. नाही घेतली तर 'त्याने पाटी उतरवावी' याच्याखाली त्यांची झोकदार सही छापली जाणार, आणि लेखावर धाकटीचे नाव बघून तो डॉक्टर कोण, हे ओळखणारे काय कमी होते? धाकटीने त्यांना पुरते कोंडीत पकडले होते. त्या घटकेला तिला फार बरे वाटले. लिहायला संकोच कशाला? उन्हातान्हात चालून आलेल्या माणसाला माठातले पाणी मिळावे तसे बरे वाटले. काका लहानखुरे दिसत होते आणि ते बघण्यात तिने घाई केली नाही.

पण काका इतकी वर्षे माणसे हाताळत आले होते. संध्याकाळी धाकटी घरी पोचली तेव्हा बाहेर त्यांच्या चपला होत्या.

आई मटार सोलत बसली होती. काका समोरच्या खुर्चीत पुढे वाकून बसले होते आणि त्यांच्या आवाजात नुसती साखर होती. "वहिनी, लेकीची अब्रू आहे. चार लोक वाचणार. तुम्ही संमती दिली नाहीत तर हे सगळं इथेच मिटतं."

"मी नाहीच देणार," आई म्हणाली. "हिला सांगून झालंय माझं."

धाकटी दारात थबकली. इतक्या वर्षांची जुळवाजुळव मटाराच्या सालांबरोबर कचऱ्यात चालली होती.

काका तेवढ्यावर उठले असते तर निभावले असते. पण शेवटचा शब्द आपला असल्याशिवाय त्यांना कधी उठवत नसे. "शहाण्या आहात," ते म्हणाले. "कारण उद्या हे छापून आलं तर बोट तुमच्याकडेच येणार. मी काय, नुसता सल्ला दिला. बॅगेतून गोळ्या काढल्यात तुम्ही."

आईचे हात थांबले.

"काय म्हणालात?"

"म्हणजे… तसं नाही वहिनी. लोक म्हणतील, असं म्हणतोय मी."

"पाय घसरून गेली ना ती?" आई म्हणाली. "तुम्हीच म्हणालात. माझ्याजवळ बसून, माझा हात धरून म्हणालात. मग माझ्याकडे बोट कशाला येईल? गोळ्यांचा काय संबंध?"

काका धाकटीकडे बघू लागले, जणू ती मदतीला येणार होती.

"बोला ना. गोळ्यांचा संबंध होता का?"

"आता इतक्या वर्षांनी काय…"

"होता का?"

"असू शकतो," काका पुटपुटले.

आईने मटाराचे ताट बाजूला सारले. रडेल असे धाकटीला वाटले, पण ती रडली नाही. "मला माहीत होतं," ती हळूच म्हणाली. "त्या दिवसापासून माहीत होतं. पण डॉक्टर सांगतात तर तसंच असेल, असं म्हणत आले. तुमच्या शब्दाला धरून जगले मी. आणि आज तुम्ही ते सगळं माझ्याच गळ्यात टाकून निघालात होय?"

"वहिनी, शांत व्हा. मी रक्तदाब बघतो तुमचा."

"हात लावू नका मला." आई धाकटीकडे वळली. "वाच गं ते. काय लिहिलंयस ते सगळं वाच. यांच्यासमोर."

धाकटीने लॅपटॉप काढला आणि उभ्याउभ्याच वाचू लागली. काका उठायला लागले तशी आईने नुसते त्यांच्याकडे बघितले आणि ते पुन्हा बसले. "'कुटुंबवैद्याच्या सल्ल्यानुसार कुटुंबीयांनी रुग्णाचे औषध तिच्या सामानातून काढून घेतले—'"

"कुटुंबीयांनी म्हणजे कोणी?"

धाकटी थांबली.

"तुझे बाबा तर खोलीतसुद्धा आले नव्हते. तू पोर होतीस. कुटुंबीयांनी म्हणजे कोणी?"

"आई, असंच लिहितात या लेखांत."

"आईने लिही."

"आई, नको. मला तू नकोयस यात. मला फक्त हे हवेत." इतक्या वर्षांत न रडलेली धाकटी आता रडू लागली. सगळा सूड तिने एका माणसासाठी राखून ठेवला होता. आईला त्यातून वगळायलाच तो मोघम शब्द घातला होता, हे तिला स्वतःला आत्ता कळत होते.

"तुला नको असेल, मला हवंय. एक पाकीट तरी राहू दे म्हणाली ती. मी चेन ओढली. तेही लिही, एक पाकीट मागत होती ते. हे वाचून कुठल्या तरी आईचा हात थांबला तर थांबला. लिही, आईने."

धाकटीने डोळे पुसले आणि तो शब्द खोडून दुसरा घातला. एक पाकीट मागितल्याचे वाक्यही घातले. मग संमतीचा कागद पुढे ठेवला. आईने ओले हात पदराला पुसले आणि पूर्ण नाव लिहून सही केली. एवढ्या ठळक अक्षरात तिने यापूर्वी कुठे सही केलेली धाकटीला आठवत नव्हते.

काका खुर्चीला धरून उभे राहिले होते. त्यांचा आवाज पार खाली गेला. "वहिनी, माझं तेवढं… इतक्या वर्षांचा संबंध आहे आपला. हिला सांगा, माझा अभिप्राय तेवढा काढून टाक म्हणावं. मी दुसरा देतो लिहून. जरा सौम्य."

"तुमचा अभिप्राय? काय लिहिलंयत तुम्ही?"

धाकटीने वाचून दाखवला. विश्वासघात, अधिकार उरत नाही, पाटी स्वतःच्या हाताने उतरवावी, सगळे. आईने मान हलवत शेवटपर्यंत ऐकून घेतले.

"चांगलं लिहिलंयत," ती म्हणाली. "एक अक्षर बदलू नका."

आणि तिने त्यांच्यासाठी दार उघडले.